दाभोळ खाडीला सायकलने वळसा: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

वाशिष्ठी नदी चिपळूणजवळ खाडी होते, खेडकडून येणाऱ्या जगबुडीला पोटात घेते आणि दाभोळ-अंजनवेलच्या मधून समुद्राला मिळते. या खाडीच्या दक्षिणेला गुहागर तालुका आहे, उत्तरेला दापोली आणि खेड. चिपळूणहून गुहागर, तिथून धोपावे, फेरीबोटीने दाभोळ, मग दापोली, खेड आणि पुन्हा चिपळूण असा हा वळसा सरळ रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतो. वाटेतलं थोडं आडवाटेचं बघायचं ठरवलंत तर तो पावणेदोनशेच्या घरात जातो.

देशावर सपाट रस्त्याने एका दिवसात शंभर किलोमीटर मारणारे लोक हा आकडा बघून दोन दिवसांचा बेत करतात. नव्याने सायकल चालवणाऱ्यांनी तसं करू नये. कोकणात रस्ता खाडीच्या पातळीवरून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढतो, सड्यावरून पुढच्या वहाळात, म्हणजे ओढ्यात उतरतो आणि पुन्हा चढतो. शिवाय ऊन, वारा, भरती-ओहोटी आणि फेरीबोट यांची आपापली वेळ असते. किलोमीटरचा हिशेब बाजूला ठेवून या चौघांच्या वेळा सांभाळल्या की हा रस्ता फार सुखाचा होतो. तीन दिवस घ्या, चार मिळाले तर उत्तमच.

केव्हा जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरचं ऊन सड्यावर भाजून काढतं आणि मार्चपासून हवेतला दमटपणा वाढत जातो. पावसाळ्यात हा भाग अप्रतिम दिसतो, पण जांभ्याच्या रस्त्यांवर शेवाळ धरतं, घाटात दरडी येतात आणि समुद्र खवळला की फेरीबोटीचा भरवसा नसतो. पहिल्या खेपेला पावसाळा नको.

शिमग्याच्या दिवसांत गावोगाव पालख्या निघतात. कुठे रस्ता अडला तर हॉर्न-घंटी न वाजवता थांबा, पालखीला नमस्कार करा, लोक स्वतःहून वाट देतात. गणपतीच्या आठवड्यात मात्र मुंबईचं सगळं कोकण घरी येतं. तेव्हा सायकलवाल्याने मुंबई-गोवा महामार्गाच्या जवळपासही फिरकू नये.

कुठल्या बाजूने फिरायचं

माझं मत ठाम आहे: आधी दक्षिण किनारा, मग उत्तर. म्हणजे चिपळूण-गुहागर-दाभोळ-दापोली-खेड-चिपळूण. याची कारणं वाऱ्यात आणि चढात आहेत.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. सकाळी लवकर चिपळूण सोडून पश्चिमेला गुहागरकडे निघालात की तो पाठीवर असतो. दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून आत येतो, पण तोवर समुद्राकडे जाणारा रस्ता संपलेला असतो. उलट्या दिशेने गेलात तर दुपारी समुद्राकडे जाताना तोच वारा छातीवर घ्यावा लागतो.

दुसरं कारण परशुराम घाट. या दिशेने आलात तर शेवटच्या दिवशी हा घाट चिपळूणकडे उतरावा लागतो. ट्रकच्या सोबतीने तो चढण्याची पाळी येत नाही.

शरीराची आणि सायकलची तयारी

निघण्याआधी दोन सलग दिवस, रोज चाळीस-पन्नास किलोमीटर, चढासकट, आरामात होतात का ते पाहा. पुण्यातले असाल तर जुना कात्रज घाट, ठाण्या-मुंबईतले असाल तर येऊरचा चढ त्यासाठी पुरेसा आहे. पहिल्या दिवशी कोणीही चालवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसवतं का, हा खरा प्रश्न आहे.

गिअरची महागडी सायकल लागत नाही, मात्र हलका गिअर लागतो. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती यांच्या दात्यांची संख्या जवळपास सारखी असेल तर सामानासकट इथले चढ बसल्या बसल्या निघतात. टायर 32 मिमीपेक्षा बारीक नको, 35 ते 40 मिमी उत्तम. गावातल्या आतल्या रस्त्यांवर खडी आणि तांबडी माती असते, त्यात बारीक टायर घसरतो.

ब्रेककडे चढापेक्षा जास्त लक्ष द्या. इथले उतार छोटे पण तीव्र आहेत आणि वळणापलीकडून एसटी येत असते. ब्रेकपॅड झिजलेले असतील तर निघण्याआधी बदला. सोबत दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, साखळी जोडायची कडी, अॅलन चाव्यांचा संच आणि तेलाची छोटी बाटली घ्या. सायकलची बरी दुकानं चिपळूण आणि दापोलीत मिळतील. मधल्या गावांत साधं पंक्चर निघेल, पण तुमच्या मापाची ट्यूब मिळेलच असं नाही.

सामान पाठीवर घेऊ नका. दमट हवेत पाठीवरची सॅक तासाभरात नकोशी होते. मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या बांधा: कपड्यांचे दोन जोड, रात्रीचे सुती कपडे, औषधं, पंचा, पॉवर बँक. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. झाडांच्या गर्द सावलीतून अचानक उन्हात आलेल्या गाडीवाल्याला सायकल पटकन दिसत नाही.

चिपळूणला पोचणं

मुंबईहून कोकण रेल्वे सर्वांत सोयीची. सायकल लगेजच्या डब्यातून न्यायची असेल तर गाडीच्या वेळेआधी तास-दीड तास पार्सल कार्यालयात पोचा. तिकीट आणि ओळखपत्राची प्रत द्या, हँडल वळवून बांधा, पेडल काढून घ्या आणि पावती जपून ठेवा. चिपळूणला गाडी फार वेळ थांबत नाही, तेव्हा उतरल्या उतरल्या लगेजच्या डब्याकडे चालू लागा. पुण्याहून येणारे कराड-पाटण-कुंभार्ली घाट या रस्त्याने एसटीने येतात. एसटीच्या टपावर सायकल चढवण्याआधी वाहकाशी बोला आणि स्वतः दोरीने बांधा.

आदल्या संध्याकाळी पोचलात तर गोवळकोटला जा. तिथला छोटा गोविंदगड किल्ला आणि खालची जुनी जेटी पाहिली की खाडीचं गणित डोळ्यांसमोर येतं. समुद्रातून आलेला माल गलबतांनी इथवर येई आणि पुढे बैलांच्या पाठीवरून घाटावर चढे. कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, म्हणून उन्हाळ्यातही ही नदी आटत नाही. 22 जुलै 2021 च्या महापुरात याच नदीने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली घातली. आणि पाण्याच्या कडेला बसून पाय बुडवायचा मोह झाला तर आवरा, या खाडीत मगरी आहेत. त्या पाहायच्या तर स्थानिक माणसासोबत होडीतून पाहाव्यात.

पहिला दिवस: चिपळूण ते गुहागर, सुमारे 45 किलोमीटर

साडेसहाला, उजाडता उजाडता निघा. मिरजोळी मागे पडली की चढ-उतार सुरू होतात. रामपूर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी अशी गावं लागतात. हा रस्ता कराड-विजापूरकडून येणारा, घाटावरच्या मुलखाला समुद्राशी जोडणारा आहे. त्यामुळे वाहतूक असते, पण सकाळी नऊपर्यंत ती बेताची.

पहिले दहा किलोमीटर मुद्दाम सावकाश काढा. नवखी मंडळी ताज्या दमात पहिलाच चढ जोर लावून चढतात आणि मार्गताम्हाण्याला पोचेपर्यंत मांड्या भरून येतात. बोलता बोलता चढता येईल एवढाच वेग ठेवा. दम लागला तर उतरून ढकलत चाला, यात कमीपणा काहीच नाही.

सड्यावर सावली नाही. उघडा कातळ, त्यावर सुकलेलं गवत, मध्येच काजूची बाग. नऊनंतर हा कातळ तापू लागतो. म्हणून न्याहारी मार्गताम्हाण्याला उरका आणि शृंगारतळीला थांबलात तर फक्त पाणी भरण्यासाठी. शृंगारतळीची बाजारपेठ मोठी आहे, औषध, रोकड, फळं जे हवं ते इथे घ्या. पुढे मोडकाआगरनंतर उतार लागतो, हवा बदलते आणि नारळी-पोफळीची आगरं दिसू लागतात. अकरा-साडेअकराला गुहागरात असायला हवं.

दुपारी झोपा. संध्याकाळी व्याडेश्वराचं दर्शन आणि मग समुद्र. गुहागरचा किनारा लांबलचक, सरळ आहे आणि ओहोटीला वाळू इतकी घट्ट होते की सायकल चालवायचा मोह होतो. चालवू नका. खारं पाणी आणि बारीक वाळू साखळीत, बेअरिंगमध्ये शिरते आणि दुसऱ्या दिवशीच्या चढावर कुरकुर ऐकवते. किनारा पायी फिरण्यासाठी आहे.

राहायला घरगुती सोय भरपूर. एक लक्षात ठेवा: इथे जेवण सांगून ठेवावं लागतं. सकाळी निघतानाच फोन करून दुपारचं आणि रात्रीचं जेवण सांगा, मासे की शाकाहारी तेही सांगा. ऐन वेळी गेलात तर घरच्या काकूंना चूल पुन्हा पेटवावी लागते. शाकाहाऱ्यांनी कुळथाचं पिठलं आणि बिरडं मागून घ्यावं. पोटभर भात खा, उद्या तोच कामाला येतो.

दुसरा दिवस: खाडी ओलांडून दापोली, सुमारे 50 किलोमीटर

हा या वळशाचा गाभा. अंतर फार नसलं तरी पूर्ण दिवस याला द्या.

गुहागरहून उत्तरेला अंजनवेलच्या दिशेने निघा. वाटेत वीज प्रकल्पाची मोठी भिंत आणि चिमण्या दिसतात. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या काळात गाजलेला ‘दाभोळ’ प्रकल्प तो हाच. नाव पलीकडच्या तीराचं, जमीन मात्र गुहागर तालुक्यातली. 2001 मध्ये तो बंद पडला आणि 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभी राहिली.

तिथून अंजनवेलच्या गोपाळगडाकडे वळा. आडवाट छोटी आहे आणि हा किल्ला चुकवू नये. जमिनीकडच्या बाजूने जांभ्यात खोदलेला खंदक, आत आंब्याची कलमं, आणि तटावर चढलं की दाभोळ खाडीचं तोंड पायाशी. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला या तटाच्या माऱ्यातून जावं लागे. म्हणून आदिलशाही, मराठे, जंजिऱ्याचे सिद्दी, तुळाजी आंग्रे, पेशवे आणि 1818 मध्ये इंग्रज, सगळ्यांना हा किल्ला हवा होता. जवळच टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह आहे. तटावर उन्हाआधी पोचायचं तर गुहागर सातच्या आत सोडा.

पुढे वेलदूरवरून धोपाव्याची जेटी. फेरीबोटीचं वेळापत्रक आदल्या रात्री घरमालकांना विचारून ठेवा. बोट सकाळपासून रात्रीपर्यंत ये-जा करते, पण एक हुकली तर पुढच्या बोटीची वाट पाहावी लागते. 2003 पासून ही गाड्या नेणारी बोट सुरू आहे. त्याआधी गाडीवाल्याला दाभोळला जायचं तर आज आपण घालतोय तोच अख्खा वळसा घालावा लागे. तिकीट किरकोळ, सुटे पैसे जवळ असू द्या, कारण खाडीकाठी मोबाइलचं नेटवर्क येऊन-जाऊन असतं.

जेटीवर तीन गोष्टी सांभाळा. ओहोटीला उतरंडीचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं. तिथे सायकलवर बसू नका, हाताने धरून चाला. आधी मोटारी चढू द्या आणि मग कडेला उभे राहा. आणि बोटीवर सायकल स्टँडवर सोडून फोटो काढायला जाऊ नका, कठड्याला दोरीने बांधा.

भरती केव्हा असेल याचा अंदाज कोकणातली जुनी माणसं तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. साधारण सहा तासांनी ओहोटी. मिनिटाचा हिशेब यात नाही, पण जेटीवर पाणी कुठे असेल हे कळायला एवढं पुरतं. निघण्याआधी कालनिर्णय उघडून तिन्ही दिवसांच्या तिथी लिहून घ्या.

बोट मध्यावर आली की दाभोळचा घुमट दिसू लागतो. ती अंडा मशीद. बांधणी विजापुरी घाटाची, काळ सतराव्या शतकाच्या मध्याचा. विजापूरची शहजादी मक्केला निघाली, पुढचा समुद्र धोक्याचा झाला म्हणून इथेच थांबली आणि यात्रेचा पैसा तिने मशिदीला लावला, अशी कथा गावात सांगतात. जेटीपासून ती अगदी जवळ आहे. पायताण काढून, आवाज न करता बघा.

आज शांत, पेंगुळलेलं वाटणारं हे गाव एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. बहामनी काळात तांबडा समुद्र आणि इराणच्या आखाताशी इथून थेट व्यापार चाले. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि परतीच्या प्रवासाला दाभोळहूनच जहाजात बसला. इथे परदेशी घोडे उतरतात असं त्याने नोंदवून ठेवलंय. 1508 च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज गव्हर्नर फ्रान्सिस्को द आल्मेदाने, चौलच्या लढाईत मारल्या गेलेल्या मुलाचा सूड म्हणून, दीवकडे जाता जाता हे शहर जाळलं. ते पुन्हा उभं राहिलं, पण पुढे सुरत आणि मुंबई वाढत गेली आणि दाभोळ मागे पडलं. गावाच्या वरच्या अंगाला चंडिकादेवीचं भुयारी देऊळ आहे, आत तेलाच्या दिव्यांचाच उजेड. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पायरीवर थांबा.

दुपारचं जेवण दाभोळला घ्या आणि तीनशिवाय पुढे निघू नका. कारण जेटी सोडली की चढ सुरू होतो आणि दापोलीपर्यंत थोडाथोडा चालूच राहतो. तीनच्या पुढे ऊन कलतं. सरळ रस्त्याने दापोली तीसेक किलोमीटर आहे. डिसेंबरात सहाला अंधारू लागतं, म्हणून तीनला निघणाऱ्याने वाटेत रेंगाळू नये.

पाय ताजे असतील आणि दाभोळ दुपारी बाराच्या आत सोडता येत असेल, तर कोळथरे-बुरोंडी-लाडघर हा किनाऱ्याचा रस्ता घ्या. दहा-बारा किलोमीटर वाढतात, चढही वाढतात, पण प्रत्येक टेकडीवरून नवा समुद्र दिसतो. लाडघरहून दापोलीचा चढ दमवतो. चार दिवसांचा बेत असेल तर मुक्काम लाडघरलाच करा आणि तो चढ सकाळच्या गारव्यात काढा. मी नवख्यांना हाच सल्ला देतो.

दापोलीत

समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवरचं हे गाव इंग्रजांच्या लष्करी छावणीमुळे ‘कॅम्प दापोली’ म्हणून ओळखलं गेलं. कोकण कृषी विद्यापीठ इथेच आहे. रात्री हवा गार पडते, एक पातळ जॅकेट उपयोगी येतं. इथे दापोली सायकलिंग क्लब आहे आणि गावाला सायकलवाल्यांची सवय आहे. काही दुरुस्ती असेल तर ती आजच उरका, उद्यावर ढकलू नका.

एक दिवस हाताशी असेल तर पन्हाळेकाजीला जा. वाकवली-टेटवली मार्गे उतरायचं, कोटजाई नदीच्या काठी 29 लेण्यांचा समूह आहे. सुरुवातीचे हीनयान बौद्ध, मग वज्रयानी, मग शिलाहारांच्या काळातले शैव आणि शेवटी नाथपंथी, अशा सगळ्यांच्या खुणा एकाच डोंगरकड्यात सापडतात. कोटजाईचं पाणी पुढे याच खाडीला मिळतं. दाभोळच्या बंदराशी लेण्यांचं नातं त्या पाण्यानेच जुळलेलं. सामान मुक्कामी ठेवून रिकाम्या सायकलने जा, उतार खोल आहे आणि तेवढंच परत चढायचं आहे. ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी रिक्षा ठरवावी, पण लेणी बघावीत.

शेवटचा दिवस: दापोली ते चिपळूण, सुमारे 60 किलोमीटर

दापोली ते खेड हा वळणावळणाचा, झाडीतला रस्ता बराचसा उताराचा आहे. वाकवली, फुरूस अशी गावं घेत नऊपर्यंत खेडला पोचता येतं. सलग उतारावर ब्रेक धरून ठेवू नका. वळणाआधी दाबा, वळणात सोडा.

खेडला भरणे नाक्यावर थांबून निर्णय घ्या. इथून पुढे चिपळूणपर्यंत तीसेक किलोमीटर मुंबई-गोवा महामार्ग आहे. रस्ता रुंद, पण ट्रक आणि टँकर भरपूर, विशेषतः लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या आसपास. महामार्गाची सवय नसेल, पाऊस असेल किंवा उशीर झाला असेल, तर खेडलाच रेल्वे पकडा. खाडीचा वळसा तोवर बहुतेक पुरा झालेला असतो आणि यात काहीही गमावलं असं मला वाटत नाही.

पुढे जायचंच असेल तर एकामागोमाग एक चाला, कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आत राहा आणि लोटे भागात कारखान्यांची पाळी सुटायच्या वेळा टाळा. परशुराम घाट उतरण्याआधी परशुरामाच्या देवळाकडे वळा. तिथून वाशिष्ठी, गोवळकोट आणि पश्चिमेला जाणारी खाडी एका नजरेत दिसते. पाणी प्या, ब्रेक तपासा आणि मग उतरा. घाटात मोटारीला मागे टाकायला जाऊ नका.

खर्च, पाणी आणि काही बारीकसारीक

रोज निघताना दोन लिटर पाणी भरलेलं हवं. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे अंग गार होत नाही आणि घाम येतच राहतो. अर्ध्या तासाने दोन घोट घेण्याची सवय लावा. मीठ घातलेलं कोकम सरबत वाटेत सगळीकडे मिळतं, ते कुठल्याही पुडीतल्या पावडरीपेक्षा बरं.

तीन दिवसांत सर्वांत मोठा खर्च मुक्कामाचा. जेवण आणि बोट त्या मानाने थोडकं. रोकड सुट्ट्या नोटांत ठेवा. घरच्यांना रोजच्या मुक्कामाचं गाव आणि घराचा फोन नंबर लिहून द्या. कुत्रं मागे लागलं तर थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, बहुतेक वेळा ते तिथेच शांत होतं. आगरांत, आंब्या-काजूच्या बागांत न विचारता शिरू नका. विचारलंत तर तांब्याभर पाणी आणि बसायला सावली नक्की मिळते.

परतल्यावर पहिल्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, साखळी सुकवून तेल द्या. फेरीबोटीवरचे खारे तुषार आणि तांबडी धूळ आठवडाभर तशीच राहिली तर साखळीवर गंज चढतो आणि मग ती बदलावीच लागते.